शासकीय संकेतस्थळांचा वेग नागरिकाच्या मोबाइलवर मोजावा

प्रति,
मा. सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : दाखले, परवाने व नोंदणीच्या शासकीय संकेतस्थळांचा वेग नियमित मोजून तो जाहीर करणे व सुधारणे याबाबत.

महोदय,

आम्ही वालीव (ता. वसई, जि. पालघर) परिसरातील कामगार, गाळेधारक आणि रहिवासी. इथल्या गाळ्यांत काम करणाऱ्या बहुतेकांकडे संगणक म्हणजे हातातला मोबाइल. मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर कामगार जेवणाच्या सुट्टीत अर्ज भरायला बसतो. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज जेमतेम असते. पान अर्धे उघडते, चक्र फिरत राहते, तोवर ओटीपीची मुदत संपते आणि भरलेले सगळे पुसले जाते. शेवटी तो खाडा करून सेवा केंद्रावर जातो. त्या दिवसाची मजुरी बुडते. हे निवेदन कोणत्याही एका कार्यालयाविरुद्ध नाही; प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. ती मुदत मात्र अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. अर्ज दाखल होण्याआधी पानापुढे गेलेला वेळ कुठेच नोंदवला जात नाही, म्हणून त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. आमची मूळ तक्रार हीच आहे.

पान रखडले की ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून विषय मिटवला जातो. याहू कंपनीत काम केलेले स्टीव्ह साउडर्स यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की वापरणाऱ्याच्या प्रतीक्षेतला 80 ते 90 टक्के वेळ सर्व्हरने पान पाठवल्यानंतर, म्हणजे चित्रे, स्क्रिप्ट आणि इतर फाइली उतरवण्यात व मांडण्यात जातो. म्हणजे नवा सर्व्हर घेण्याआधी पानाचे ओझे तपासायला हवे. पहिल्या पानावर सरकत राहणारी मोठी छायाचित्रे आणि उद्घाटनांचे व्हिडिओ दाखला मागणाऱ्याच्या कामाचे नाहीत; त्यांच्या डेटाचे पैसे मात्र तोच भरतो.

मराठी संकेतस्थळांची आणखी एक अडचण आहे, तिकडे विशेष लक्ष द्यावे ही विनंती. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये आकृत्यांची संख्या मोठी असते, त्यामुळे फाइल जड होते. ती उतरेपर्यंत क्रोम ब्राउझर सुमारे 3 सेकंद मजकूर लपवून ठेवू शकतो. मंद जोडणीवर माणसाला कोरे पान दिसते. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फाँट आधीपासून असतो. अर्जाच्या पानांवर तोच वापरावा, किंवा निदान सजावटीचा फाँट येईपर्यंत मजकूर त्यात दाखवावा. फाँट हलका करताना जोडाक्षरे तुटणार नाहीत याची खात्री मराठी वाचणाऱ्या माणसाने करावी. सूचना आणि शासन निर्णय स्कॅन करून पीडीएफमध्ये टाकण्याची सवयही थांबवावी. युनिकोड मजकुराचे पान त्याहून कितीतरी हलके असते आणि त्यात शोधता येते.

मोजण्याची साधने विनामूल्य आहेत. गूगलचे लाइटहाउस साधारण मोबाइल आणि मंद जोडणी गृहीत धरून चाचणी करते. पेजस्पीड इनसाइट्स पुरेशा भेटी असलेल्या पानांसाठी मागील 28 दिवसांतला प्रत्यक्ष वापरकर्त्यांचा अनुभव दाखवते. कसोट्याही ठरलेल्या आहेत : मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, वाचताना मजकूर इकडेतिकडे सरकू नये, आणि हे शंभरपैकी किमान 75 भेटींत घडावे. कार्यालयातल्या संगणकावर घेतलेली चाचणी आम्हाला मान्य नाही. तिथली जोडणी वेगवान असते आणि अनेक फाइली ब्राउझरने आधीच साठवलेल्या असतात.

म्हणून आमची मागणी आहे, की नागरिकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक शासकीय संकेतस्थळाची मोजणी स्वस्त मोबाइलवर, मंद जोडणीवर, दर तीन महिन्यांनी व्हावी. ती केवळ मुखपृष्ठाची नको. लॉगिनपासून पावती मिळेपर्यंतच्या सर्व टप्प्यांची हवी. आकडे त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत. माहिती अधिकार अधिनियम, 2005 चे कलम 4 स्वतःहून माहिती देण्यास सांगतेच. संकेतस्थळ बनवणाऱ्या कंत्राटदाराच्या करारात या कसोट्या घालाव्यात आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय अंतिम देयक काढू नये. अर्धवट भरलेला अर्ज आपोआप जतन व्हावा. ही सोय झाली तरी निम्मा त्रास कमी होईल.

2025 मध्ये राज्य शासनाने राबवलेल्या 100 दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेत संकेतस्थळ हा सात मुद्द्यांपैकी एक होता आणि भारतीय गुणवत्ता परिषदेकडून कार्यालयांचे मूल्यमापन झाले. यापुढच्या अशा मूल्यमापनात वेगाला स्वतंत्र गुण असावेत.

दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची गर्दी उसळते. पहिली मोजणी येत्या निकालांपूर्वी जाहीर करावी आणि या कामासाठी कोणता अधिकारी नेमला, हे आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
वालीव परिसरातील कामगार, गाळेधारक व रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका