तपासणी जागेवरच व्हावी

बँकेत इन्स्पेक्शनची एक जुनी रीत होती. शाखेची विवरणपत्रे हेड ऑफिसात बसून कितीही वाचली, तरी तिजोरीतली रोकड मोजायला माणूस शाखेतच जात असे. मोबाइलवर अर्ज भरताना ही रीत मला वारंवार आठवते.

नाव, पत्ता, खाते क्रमांक भरून होतो आणि ‘पुढे’ हे बटणच सापडत नाही. कळफलकाने अर्धा पडदा व्यापलेला असतो, बटण नेमके त्याच्याखाली. तक्रार केली की उत्तर ठरलेले : ‘आमच्याकडे बरोबर दिसते.’ ते खोटेही नसते. पान तयार करणारा आपल्या कॉम्प्युटरवर खिडकी मोबाइलएवढी अरुंद करून पाहतो. तिथे कळफलक वर येतच नाही! शिवाय आज बरोबर असलेले पान उद्या बिघडते. २०२२ साली क्रोमच्या १०८व्या आवृत्तीने अँड्रॉइडवर कळफलक उघडताच पानाची मांडणी आखडून घेण्याची पद्धत सोडली आणि तळाला चिकटवलेली बटणे झाकली जाऊ लागली.

वास्तविक असा दोष जागेवर पकडण्याची सोय जुनी आहे. आयफोनमधले पान मॅकवरच्या सफारीतून तपासणे २०१२ साली आयओएस ६बरोबर शक्य झाले. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही त्याच सुमारास. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले (सातच का, देव जाणे) की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ प्रकट होतात. त्यातले ‘यूएसबी डिबगिंग’ सुरू करून फोन वायरने कॉम्प्युटरला जोडायचा आणि फोन परवानगी विचारील ती द्यायची. मग कॉम्प्युटरवरच्या क्रोमच्या ‘इन्स्पेक्ट’ पानावर फोनमध्ये उघडलेल्या पानांची यादी येते. एखादे निवडावे, तर त्याची सारी अंतर्रचना समोर. कॉम्प्युटरवर एका ओळीवर माउस नेला, की फोनमध्ये तेवढाच भाग रंगतो. आकडा बदलला, की दडलेले बटण डोळ्यांदेखत वर सरकते. पान पुन्हा उघडले की सारे पूर्ववत, म्हणून प्रयोगाला भ्यायचे कारण नाही.

ही सोय मात्र पान बनवणाऱ्याच्या चाचणीच्या फोनसाठी. ती सुरू असली, की परवानगी मिळालेल्या कॉम्प्युटरला फोनमध्ये ॲपसुद्धा घालता येते. कुणी अनोळखी माणूस दूरध्वनीवरून ती सुरू करायला सांगू लागला, तर सरळ फोन ठेवावा.

पेन्शन, गॅसची नोंदणी, मुलांचे परीक्षेचे अर्ज; कित्येक घरांत या सगळ्याला एकच खिडकी, ती म्हणजे हातातला स्वस्त फोन. म्हणून बँकेने वा सरकारी खात्याने असे काम ताब्यात घेताना, पैसे चुकते करण्यापूर्वी एवढे मागावे : चार वर्षे जुना फोन, त्यात अक्षरे आजोबांना वाचता येतील एवढी मोठी केलेली, वायर कॉम्प्युटरला जोडलेली, आणि अर्ज भरायला कंपनीचा तंत्रज्ञ नव्हे, काउंटरवरचा कारकून. तो जिथे अडेल, तिथला दोष तंत्रज्ञाने त्याच बैठकीत शोधून दाखवावा. बिल त्यानंतर पास करावे.