शिकवणारा धीराचा हवा

मैत्रिणींनो, स्कूटर आपल्यापैकी बऱ्याच जणी चालवतात. पण मोटारीचं नाव काढलं, की "हे आहेत ना!" म्हणून आपण मोकळ्या होतो. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंना रात्री दम लागला, तेव्हा हे दौऱ्यावर होते. गाडी दारात, किल्ली खुंटीवर आणि मी नाक्यावर रिक्षा शोधतेय! सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, त्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

नवऱ्याकडून का नाही शिकले, असं विचाराल. अहो, घरच्या गाडीत ब्रेक एकाच बाजूला. शेजारी बसणारा घाबरतो आणि घाबरला की ओरडतो. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, म्हणून त्याला धीर धरता येतो.

आमचे काका साठीला टेकलेले. पहिले दोन दिवस त्यांनी ॲक्सिलरेटरला पायच लावू दिला नाही. मोकळ्या मैदानात पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा आणि क्लच अगदी सावकाश वर आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते. तो हाफ क्लच. पाय तिथेच धरला, की सपाट जागेवर गाडी आपली आपण सरकू लागते. "ताई, ही जागा पायानं ओळखायची," काका म्हणत. इंजिन बंद पडलं, तर म्हणत, "पडू दे. किल्ली आहे ना?" मीही वर्गात शिकवते, एका वेळी एकच गोष्ट सांगायला केवढा संयम लागतो, ते मला ठाऊक आहे.

नाव घालण्यापूर्वी एवढं पाहा. स्कूलला परवाना आहे ना? रोज तीच गाडी, तोच शिकवणारा मिळेल ना? पहिल्याच दिवशी तो खेकसला, तर खुशाल दुसरा मागा. पैसे आपण मोजतो. पायात सपाट, मागून पट्टा असलेली चप्पल घाला. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते. तो महिना सरावाला वापरा.

आणि परवाना मिळाला, की कपाटात ठेवू नका, बरं का! भाजीला का होईना, गाडी काढा. शेजारी 'हे' बसले, तर आधीच बजावा: रस्ता बघा, बोलू नका.