बॅटरी उठविणारें व हवा भरणारें यंत्र : घ्यावें कीं न घ्यावें ?

पुणें-सातारा हमरस्त्यावरील किकवी आणि तिच्या दोहों बाजूंचा भोर-वेल्ह्याचा मुलूख येथें शेतकऱ्याच्या दारीं आतां बैलजोडीच्या शेजारीं, किंवा पुष्कळदां तिच्या जागीं, ट्रॅक्टर, पिकअप गाडी अथवा मोटारसायकल उभी दिसते. वाहन आलें म्हणजे त्याचीं दुखणींही मागोमाग येतात. त्यांपैकीं नित्याचीं दोन : बॅटरी बसणें आणि चाकांतील हवा जाणें. या दोहोंवर एकच औषध म्हणून एक लहानसें यंत्र हल्लीं बाजारांत विकलें जातें. त्याच्या पोटांत लिथियमची बॅटरी असते. एका बाजूनें लाल व काळा असे दोन चिमटे निघतात आणि दुसऱ्या बाजूनें हवेची नळी. त्यास जंप स्टार्टर म्हणतात व आंत कॉंप्रेसरही असल्याचें विक्रेते मोठ्या अक्षरांत सांगतात. हें यंत्र कोणीं घ्यावें, कोणीं घेऊं नये, आणि घेतांना काय पाहावें, याविषयीं आमचें मत येथें मांडतों.

आमचें मत थोडक्यांत असें कीं, ज्याची गाडी रात्रीं-अपरात्रीं गांवाबाहेर एकटी धांवते त्यानें हें यंत्र अवश्य घ्यावें. ज्याचा ट्रॅक्टर शिवारापलीकडे जात नाहीं त्यानें तितक्या पैशांत दुसऱ्या दोन वस्तू घ्याव्या. आणि ज्यानें आपल्या बॅटरीकडे वर्षभर पाहिलेलेंच नाहीं त्यानें आधीं तिच्याकडे पाहावें.

गरज खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्यांत १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्सचीं संथ चालीचीं इंजिनें ज्यांनीं विहिरीवर चालविलीं आहेत, त्यांस हँडल मारून इंजिन सुरू करण्याची संवय होती. हातांत जोर असला म्हणजे बॅटरीवांचून अडत नसे. आजच्या ट्रॅक्टरास व पिकअपला हँडलची सोयच नाहीं. सेल्फ फिरला नाहीं तर सारें लोखंड जागच्या जागीं. भाताच्या मुलखांत ही अडचण नेमकी नको त्या वेळीं येते. आषाढांत खाचरांत पाणी सांठलें आहे, लावणीस माणसें बोलाविलीं आहेत, आणि उन्हाळ्यांत उभा राहिलेला ट्रॅक्टर चिखलणीच्या दिवशीं नुसता कट्-कट् आवाज करतो. माणसांची मजुरी तर द्यावीच लागते, आणि पाणी उतरलें तर चिखलणीही वायां जाते. तीच गोष्ट भाजीपाल्याची. पहांटेपूर्वीं गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पोंचावयाची गाडी वाटेंत अडली तर मालाचा भाव तिच्यासाठीं थांबत नाहीं. वरंध घाटांत पावसाळी रात्रीं चाक बसलें तर मदतीस कोण येणार, हा विचार त्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत येतोच.

परंतु औषधापूर्वीं पथ्य पाहिलें पाहिजे. ट्रॅक्टराची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे सहा घरांची असते. पूर्ण भरलेली व कांहीं तास विसावलेली बॅटरी सुमारें १२·६ व्होल्ट दाखविते; १२ व्होल्टच्या आसपास आली म्हणजे तिच्यांत पाव हिस्साच दम उरला असें समजावें. अशी अर्धमेली बॅटरी महिनोन् महिने तशीच ठेवली तर आंतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर चढतो आणि मग ती कितीही भरली तरी धरत नाहीं. हिला कोणतेंही यंत्र पुन्हां जिवंत करूं शकत नाहीं. तें फार तर त्या दिवसापुरतें इंजिन फिरवून देतें. म्हणून ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदां तो शेतांत किंवा रस्त्यावर चांगला अर्धा-पाऊण तास चालवावा, किंवा बॅटरीची काळी तार सोडून ठेवावी. टर्मिनलांवर आलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानें धुऊन वर थोडें व्हॅसलीन लावावें. झांकणाची बॅटरी असेल तर तिच्यांत बॅटरीचेंच पाणी घालावें, विहिरीचें घालूं नये. डायनॅमोचा पट्टा सैल आहे काय तेंही पाहावें. व्होल्ट मोजणारा लहानसा मीटर थोडक्या पैशांत मिळतो. तो प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या घरीं असावा.

आतां यंत्राकडे वळूं. त्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, आणि दोन्ही आकडे ग्राहकास भुलविण्यासारखे असतात. पहिला ‘पीक अँपिअर’चा. दोन हजार, तीन हजार अँपिअर असें लिहिलेलें वाचून माणूस दबतो. पण हा आकडा किती क्षण टिकला पाहिजे याचा सर्वमान्य नियम नाहीं. मोटारीच्या बॅटरीवर जो थंडींतील अँपिअरचा आकडा असतो त्यास नियम आहे : उणे १८ अंशांवर ३० सेकंदपर्यंत तितका प्रवाह देऊन बॅटरी ७·२ व्होल्टखालीं जातां कामा नये. ‘पीक’ला असें बंधन नसल्यानें तो क्षणभराचा आकडा असतो. त्याऐवजीं यंत्र सलग किती प्रवाह देतें आणि किती लिटरच्या डीझेल इंजिनासाठीं तें योग्य आहे, हें बनविणारानें लिहिलें आहे काय तें पाहावें. डीझेलचें इंजिन दाबानेंच पेट घेत असल्यामुळें तें फिरविण्यास त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षां पुष्कळ अधिक जोर लागतो. ‘पेट्रोल ६ लिटर’ एवढेंच लिहून डीझेलविषयीं मौन धरणारें खोकें शेतकऱ्यानें परत ठेवावें.

दुसरा आकडा मिलिअँपिअर-तासांचा. २०,००० हा आकडा मोठा दिसतो; पण तो आंतल्या एकेका ३·७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबानें दिलेला असतो. गुणाकार केला तर ७४ वॉट-तास होतात. ८० अँपिअर-तासांच्या ट्रॅक्टर-बॅटरींत ९६० वॉट-तास असतात. म्हणजे हें यंत्र बॅटरीच्या तेराव्या हिश्शाएवढेंच झालें. तरीही तें इंजिन सुरू करतें यांत जादू नाहीं. दहा व्होल्टवर ३०० अँपिअर पांच सेकंद ओढले तरी खर्च चार-साडेचार वॉट-तासांचाच होतो. काम मोठ्या जोराचें पण क्षणाचें आहे, म्हणून लहान भांडें पुरतें.

येथेंच हवेच्या पंपाचा प्रश्न येतो. त्याचें काम उलट, म्हणजे थोड्या जोराचें पण लांबणारें असतें. असा पंप शंभर वॉटच्या आसपास शक्ति घेतो असें धरलें तर दहा मिनिटांत सुमारें सतरा वॉट-तास संपतात, म्हणजे चार वेळां इंजिन सुरू करण्याइतकी शिल्लक हवेंत गेली. पोटली एक आणि तिला तोंडें दोन. म्हणून दोन्ही अडचणी एकदम आल्या तर आधीं इंजिन सुरू करावें, हवा नंतर भरावी, हा नियम विसरूं नये.

हवेच्या बाबतींतही खोक्यावर ‘१५० पौंड’ असें लिहिलेलें असतें. हा शेवटचा दाब झाला. आपणांस हवा आहे तो आकडा मिनिटास किती लिटर हवा जाते याचा. मिनिटास २० लिटर देणारा पंप घेऊन हिशेब करूं. मोटारीच्या चाकांत तीसेक लिटर जागा व ३२ पौंड दाब, म्हणजे वातावरणाच्या सव्वादोनपट. तेव्हां ६५ ते ७० लिटर हवा, तीन-चार मिनिटांचें काम. ट्रॅक्टराचें मागील चाक दोनशें लिटरांहून मोठें, पण त्याचा दाब अवघा १५ पौंडांच्या आसपास. दोनशें लिटर हवा दहा मिनिटांत जाते, आणि चाकांत वजनासाठीं पाणी भरलेलें असेल तर त्याहूनही लवकर. खरी परीक्षा ट्रॉलीच्या चाकापाशीं होते. तें दिसावयास लहान, पण ९० लिटर जागेंत ६० पौंड दाब हवा, म्हणजे ३६० लिटर हवा लागणार. आणि दाब वाढत जातो तसा पंप मंदावतो, म्हणून अर्धा तास धरावा. असले लहान पंप दहा मिनिटांनीं तापतात व त्यांस विसांवा द्यावा लागतो. भरलेल्या ट्रॉलीखालीं बसलेलें चाक अशा खेळण्यानें उठेल ही आशा सोडावी. तसेंच ट्यूब फाटली असेल किंवा टायर रिंगेवरून सुटला असेल तर कोणताही लहान पंप निरुपयोगी. बिनट्यूबच्या चाकांत खिळा शिरला तर मात्र पंक्चरची पट्टी ठोकून पंपानें हवा भरतां येते व गांव गांठतां येतो.

एवढ्या हिशेबावरून निवड आपोआप होते. पिकअप, जीप किंवा मोटार घेऊन हमरस्त्यानें अगर घाटानें जाणाऱ्यास जोड-यंत्र योग्य. त्याचें इंजिन लहान, चाकें मध्यम व वाटेंत दुसरें साधन नाहीं. ट्रॅक्टरवाल्याची स्थिति निराळी. त्याचें वाहन गांवांतच असतें आणि हांकेच्या अंतरावर दुसरा ट्रॅक्टर असतो. त्यानें जाड तांब्याच्या जोडतारांची एक जोडी घ्यावी. डीझेलसाठीं तार २५ चौरस मिलिमीटरची तरी असावी. वरून जाड आणि आंत बारीक, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती तापते व इंजिन फिरत नाहीं. हवेसाठीं निराळा पंप घ्यावा, जो चालू ट्रॅक्टराच्या बॅटरीस चिमटे लावून चालतो. मागें इंजिन चालू असल्यामुळें त्यास शक्तीची ददात पडत नाहीं. चार-पांच घरांनीं मिळून या दोन वस्तू ठेवल्या तर कोणाच्याही खिशास ओझें होणार नाहीं. अट इतकीच कीं, त्या कोणाच्या घरीं राहाव्या हें आधीं ठरावें, आणि नेणारानें काम होतांच परत आणाव्या.

कोणी म्हणेल, उतारावर गाडी लावली किंवा चार माणसांनीं धक्का मारला कीं काम होतें. पैसा कशास घालवावा? उतार सर्वत्र नसतो, आणि रात्रीं एकट्यास धक्का मारणारा मिळत नाहीं. शिवाय इंजिन बंद असतां पॉवर स्टीअरिंग जड होतें व गाडीच्या ब्रेकाची ताकद घटते. घाटउतारावर असा प्रयोग करणें जिवावर बेतण्यासारखें आहे.

यंत्र घेणारानें पुढील गोष्टी पाहाव्या. ट्रक व कांहीं मोठीं वाहनें २४ व्होल्टचीं असतात. १२ व्होल्टचें यंत्र त्यांस लावूं नये. लिथियमच्या सेलांसाठीं आय.एस. १६०४६ हें भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख व नोंदणी क्रमांक वस्तूवर शोधावा. बनविणाराचें अगर आयात करणाराचें नांव व पत्ता, महिना व वर्ष, आणि कमाल किंमत हीं २०११ च्या वजनमापें नियमांप्रमाणें खोक्यावर असावयास पाहिजेत. हीं नसतील तर वस्तु कितीही स्वस्त असो, घेऊं नये. कारण निकृष्ट लिथियम पेट घेतें आणि तें घरांत ठेवावयाचें असतें. पावती घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

घेतल्यावर तें गाडीच्या बंद केबिनमध्यें वैशाखांत ठेवूं नये. तेथील उष्णता सेलांस सोसत नाहीं. प्रवासास निघतांना न्यावें, आल्यावर घरांत सावलींत ठेवावें. दर दोन-तीन महिन्यांनीं भरावें. वापरतांना लाल चिमटा अधिक खुणेवर आधीं लावावा आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावा; बॅटरींतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें पेटतो, म्हणून बिडी दूर ठेवावी. सेल्फ पांच सेकंदांवर मारूं नये, मध्यें अर्धा मिनिट थांबावें. इंजिन सुरू होतांच चिमटे लगेच काढावे, काळा आधीं. अगदीं मेलेल्या बॅटरीसाठीं कांहीं यंत्रांस ‘बूस्ट’ नांवाचें बटन असतें. तें दाबल्यावर उलट्या जोडणीपासून मिळणारें संरक्षण बंद होतें; तेव्हां चिमटे दोनदां तपासल्यावांचून त्यास हात लावूं नये, आणि मुलांच्या हातीं तर यंत्रच देऊं नये.

पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या बॅटरीचे व्होल्ट मोजावे, जोडतारांची सोय शेजाऱ्यांशीं बोलून करावी, आणि ज्याची गाडी रात्रीं बाहेर जाते त्यानें वरील कसोट्या लावून यंत्र घ्यावें. हा क्रम पाळणाऱ्या घरचे पैसे कमींत कमी खर्च होतील आणि चिखलणीच्या सकाळीं त्याचा ट्रॅक्टर सुरू होईल, असा आमचा भरंवसा आहे.