स्विच ‘डायरेक्ट’ करण्याआधी

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या स्प्लेंडरचा लाईट लागेनासा झाला, की सातारा-सांगलीकडच्या गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं, ‘स्विच गेलाय, डायरेक्ट करून टाकू.’ दोन वायरी सोलून पिळल्या, वर टेप गुंडाळली, दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. काम झालं असं गिऱ्हाईकालाही वाटतं आणि फिटरलाही. मी मात्र याला दुरुस्ती म्हणणार नाही.

बहुतेक वेळा स्विच गेलेला नसतोच. पाटण-जावळीचा पाऊस, २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत बुडालेल्या गाड्यांतला गाळ, ऊसपट्ट्यातली धूळ, सगळं हँडलवरच्या स्विचच्या डबीत शिरतं. आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि करंट अडतो. १२ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब साधारण ३ अँपिअर ओढतो. खराब झालेल्या पट्टीत अर्धा ओहम रोध आला, तर जवळपास दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि साध्या तारेच्या बल्बचा सुमारे एक तृतीयांश उजेड जातो. गळीत हंगामात कराड-वाळव्याच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे असते, तेव्हा तेवढा उजेड कमी पडून चालत नाही. डबी उघडून पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या तर तो बऱ्याचदा परत मिळतो. स्विच साफ निघालाच, तर हँडलच्या मुळाशी पाहावं. प्रत्येक वळणाला तिथली वायर वाकते. वरचं आवरण धड आणि आतली तांब्याची तार तुटलेली, ही जुन्या गाडीची नेहमीची खोड. टेस्ट लॅम्पचं एक टोक चेसीला, दुसरं आधी स्विचच्या अलीकडे आणि मग पलीकडे लावायचं, हँडल दोन्हीकडे वळवून पाहायचं. बल्ब शाबूत आहे, दोन्हीकडे दिवा पेटतो, तरी हेडलाईट लागत नाही, तर पुढची वायर आणि अर्थिंगचा गंजलेला जोड पाहायचा.

कोणी म्हणेल, एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाईट बंद करायचा स्विचच नाही, मग जुनी गाडी डायरेक्ट केली तर बिघडलं कुठे? हेडलाईटपुरतं हे अर्धं खरं आहे. जुन्या अनेक मॉडेलांत तो थेट कॉइलच्या करंटवर चालतो, सतत पेटला तरी बॅटरी उतरत नाही. पण ही सवय हेडलाईटवर थांबत नाही. डिपर एकाच बाजूला बांधून टाकतात, हॉर्नची वायर फ्यूज टाळून थेट बॅटरीला जोडतात. ती टाकीखाली घासून चेसीला टेकली, तर करंट तोडायला मध्ये काहीच नसतं, आणि वर पेट्रोल! पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते, तेव्हा याच दिव्यांसाठी धावाधाव होते.

फिटरची बाजूही खरी आहे. तासभर वायर शोधली तर त्याचे पैसे कोणी देत नाही. नव्या स्विचचे पैसे आपण लगेच काढतो, कारण वस्तू डोळ्यांना दिसते. बिघाड शोधण्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस. मग तोही झटपट मार्ग धरतो. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात एके काळी ‘प्रिया’ बनत होती, किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात. या मुलखात हाताला अक्कल कमी नाही, तिचं मोल करायला आपणच तयार नसतो. पुढच्या वेळी गाडी गॅरेजात लावाल, तेव्हा आधी टेस्ट लॅम्प लावायला सांगा आणि त्या तासाची मजुरी कुरकुर न करता द्या.