उत्तराची वाट



वाट पाहणे हे आपणां शेतकरी कुटुंबांस नवे नाही. तंबाखूचे तरू टाकावे, पाऊस पाहून लावण करावी, शेंडे खुडावेत, बगलफूट काढावी, पाला वाळवावा आणि एवढे सर्व करून अखेर व्यापारी दारात केव्हा येतो व कोणता दर बोलतो इकडे डोळे लावून बसावे, हा निपाणीच्या काळ्या रानातील कित्येक पिढ्यांचा क्रम आहे. परंतु अलीकडे आपल्या काही घरांत एक निराळेच वाट पाहणे शिरले आहे. मुलगा किंवा मुलगी एम.ए., एम.एस्सी. झाली, पुढे पीएच.डी. करावी म्हणून तिने दोन-चार विद्यापीठांकडे अर्ज धाडले, आणि आता घरातील सारी माणसे उत्तराकडे कान लावून बसली आहेत. पीक किती दिवसांत तयार होते ते आपणांस ठाऊक असते. हे उत्तर केव्हा येईल ते मात्र कोणी सांगू शकत नाही. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहावे असे योजिले आहे.

निपाणीनजीकच्या एका खेड्यातील एक घर आमच्या परिचयाचे आहे. तीन एकर जमीन, घरात आईबाप, आजी आणि दोन मुले. थोरली मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. झाली. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांची मजुरी व त्यांचे कर्ज या विषयावर संशोधन करावे अशी तिची इच्छा. कारण तिच्या आजीचे अर्धे आयुष्य त्याच वखारीत तंबाखू चाळण्यात गेले. त्यासाठी तिने १८ जून २०२४ रोजी ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली. बाप तिला पहाटेच्या एस.टी.ने परीक्षेच्या केंद्रावर घेऊन गेला आणि दिवसभर झाडाखाली बसून राहिला. दुसऱ्याच दिवशी, १९ जून रोजी, सरकारने ती संपूर्ण परीक्षा रद्द केली. देशभरातील नऊ लाखांहून अधिक उमेदवारांची ही परीक्षा पुन्हा २१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात घेण्यात आली आणि निकाल ऑक्टोबरात लागला.

या परीक्षेच्या नव्या नियमांप्रमाणे उमेदवारांचे तीन वर्ग पडतात. सर्वांत वरच्या वर्गास संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते. ती २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा ३७,००० रुपये आहे. मधल्या वर्गास प्राध्यापकपदाची व पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळते, तर तिसऱ्या वर्गास केवळ प्रवेशाची. या खालच्या दोन वर्गांसाठी प्रवेशाच्या वेळी परीक्षेतील गुणांस शेकडा ७० व मुलाखतीस शेकडा ३० असे वजन असते, आणि प्रवेशापुरती ही पात्रता एकच वर्ष टिकते. आमची ही कन्या मधल्या वर्गात उत्तीर्ण झाली. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, आणि वर्षाच्या आत कोठे ना कोठे प्रवेश न मिळाल्यास पुन्हा परीक्षा.

तिने तीन ठिकाणी अर्ज केले. एक जवळचे विद्यापीठ, दुसरे सीमेपलीकडचे, तिसरे दूरचे. जवळच्याने जागा दिली, परंतु तेथे मासिक वेतन नाही, मार्गदर्शक प्राध्यापकांचा विषय निराळा, आणि आठ दिवसांच्या आत शुल्क भरण्याची अट. सीमेपलीकडच्याने प्रतीक्षा यादीत नाव घातले. दूरच्या विद्यापीठात वेतनाची सोय होती; तेथून काहीच कळेना. त्यातच बेळगावहून एक चांगले स्थळ सांगून आले होते, आणि मुलगी पुढे शिकणार की नाही ते कळवा, असा त्यांचा निरोप होता. धाकट्या भावाच्या शिक्षणाचे शुल्कही त्याच महिन्यात भरावयाचे.

वाचकहो, अशा घरात काय होते ते आपण जाणताच. मुलीचे जेवण तुटले. रात्री दोन वाजता ती उठून फोन पाहू लागली. रविवारी मिस्सेनंतर देवळाच्या आवारात जी ती बाई विचारी, “काय गं, आलं का न्हाई उत्तर?” विचारणारीच्या मनात माया असे, परंतु ऐकणारीच्या काळजात काटा जाई. पुढे पुढे ती मागच्या दाराने निघून जाऊ लागली. एके संध्याकाळी बाप त्राग्याने बोलून गेला, “एवढं शिकलीस, आणि अजून वाटच बघायची?” पोरगी काही बोलली नाही, उठून चुलीपाशी गेली. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ आमच्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, “आमचं काही चुकलं काय?”

आम्ही त्यास जी हकीकत सांगितली तीच येथे सांगतो. कारण ती आपल्या याच मुलखाशी जोडलेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ साली लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयात दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा तेवढी हाती होती. ही मुदत त्यांनी हातावर हात ठेवून घालविली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि पगारातून पै पै बाजूस टाकू लागले. १९२० च्या मार्चमध्ये कोल्हापूरजवळ माणगाव येथे परिषद झाली, तीत शाहू महाराजांनी त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी साठविलेली पुंजी, महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. मागे मुंबईत रमाबाईंनी ओढगस्तीत संसार चालविला. त्यांचेही ते वाट पाहणेच होते, परंतु पदवीच्या कागदावर अशा नावांस जागा नसते.

१९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला. कित्येक महिन्यांनी, १९२३ साली, उत्तर आले ते असे की, प्रबंध आहे त्या स्वरूपात स्वीकारता येत नाही, फेरफार करून द्यावा. हाती पैसे उरले नव्हते. ते मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध सुधारला आणि पुन्हा पाठविला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो स्वीकारला गेला व त्यांना डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर त्या प्रबंधाचे पुस्तक छापून झाल्यावर १९२७ साली त्यांच्या नावावर रीतसर चढली. विलायतेहून परतलेले हेच बाबासाहेब १९२५ साली आपल्या निपाणीस दलित वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. त्या दिवशी त्यांना पाहणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल की, या विद्वानाचा प्रबंध दोनच वर्षांपूर्वी परत आला होता?

दुसरे उदाहरण आपल्या कर्नाटकातील बंगळूरचे. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञ व लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी, या १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. त्यांचे वडील व चुलते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणून त्यांनीही तेथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक मिळविलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, आणि कारण एवढेच की अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या व कारण लेखी द्या म्हणून अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, संचालकांचे समाधान होईपर्यंत कामास मान्यता नाही, आणि इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. अपमान गिळून त्यांनी ती जागा घेतली. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे काम पाहून रामन यांनीही पुढे स्त्रियांस प्रवेश दिला.

या दोन हकीकतींतून आम्ही असे म्हणत नाही की, सर्वांनी सर्व काही सोसावे. नकार हा माणसाच्या बुद्धीवरील शेवटचा निकाल नव्हे, आणि आलेली जागा मनाजोगी नसली म्हणून ती निरुपयोगीही नव्हे, एवढेच त्यांतून घ्यावे.

आता निवड करण्याविषयी. पीएच.डी. हा दोन वर्षांचा वर्ग नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तीस किमान ३ वर्षे व सामान्यतः कमाल ६ वर्षे लागतात. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढतात आणि स्त्रियांस आणखी २ वर्षांची सवलत आहे. म्हणून विद्यापीठाच्या इमारतीपेक्षा मार्गदर्शकाची चौकशी आधी करावी. त्यांच्या हाताखाली किती विद्यार्थी आहेत, कितीजण पुरे झाले, ते भेटतात काय, लिहिलेले वाचतात काय, हे तेथील विद्यार्थ्यांस जाऊन विचारावे. आंबेडकरांचे मार्गदर्शक प्राध्यापक कॅनन यांस त्यांची कित्येक मते मान्य नव्हती, तरी त्यांनी त्या पुस्तकास प्रस्तावना लिहिली. मतभेद सोसणारा गुरू लाभणे हे मोठे भाग्य होय.

दुसरी गोष्ट पैशाची. शुल्क, वसतिगृह, जाणे-येणे यांचा तीन वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडावा आणि तो मुलीदेखत मांडावा. घरची खरी स्थिती लपविल्याने मुलांचा भार हलका होत नाही. ती अंधारात अधिक मोठी रक्कम कल्पितात.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव त्याहून लांब, धारवाड त्याहूनही पुढे. घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाले, १९४९ चे कर्नाटक विद्यापीठ धारवाडास आहे, आणि २०१० पासून बेळगावास राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. यांपैकी कोणतेही परके मानू नये. मात्र एका राज्याचा जातीचा वा रहिवासाचा दाखला दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी सहसा चालत नाही, याकरिता अर्जापूर्वीच लेखी विचारणा करावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

ज्यांची मुले परदेशी अर्ज करतात त्यांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी मिळून असा ठराव केला आहे की, आर्थिक साहाय्यासह दिलेल्या जागेविषयी विद्यार्थ्यास १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करू नये. तेव्हा त्याआधी कोणी घाई केल्यास गोंधळून जाऊ नये. मात्र एकदा मनाशी ठरले की उरलेल्या जागा त्याच दिवशी कळवून सोडाव्यात. आपण अडवून धरलेल्या जागेमागे प्रतीक्षा यादीत दुसऱ्या कोणाची तरी लेक जागरण करीत असते.

आणि घरच्या मंडळींनी काय करावे? रोज विचारू नये. आठवड्यातून एक दिवस ठरवावा, त्या दिवशी काय कळले ते सर्वांनी बसून ऐकावे, आणि उरलेले सहा दिवस तो विषय काढू नये. ज्याने अर्ज केला आहे त्याने तोवर दुसरे काम हाती घ्यावे. वाट पाहणे हा दिवसभराचा धंदा होऊ देऊ नये. उत्तरास उशीर झाल्यास सभ्य शब्दांत एकदा विचारणा करण्यात कमीपणा नाही.

आमच्या त्या मुलीने तसेच केले. दूरच्या व सीमेपलीकडच्या विद्यापीठांस तिने पत्रे लिहिली. प्रतीक्षा यादी हलण्याची चिन्हे नाहीत, असे एकाने मोकळेपणाने कळविले. दुसऱ्याने उत्तर दिले नाही. मग मुदतीच्या सहाव्या दिवशी ती बापाला घेऊन जवळच्या विद्यापीठातील प्राध्यापकांस भेटली आणि आपला विषय त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, “वखारींचे मला फारसे ठाऊक नाही. पण तू लिहून आण, मी वाचीन.” आठव्या दिवशी बापाने शुल्क भरले, त्यासाठी दुभत्या दोन म्हशींपैकी एक विकावी लागली. बेळगावच्या मंडळींनी तीन वर्षे थांबण्यास नकार दिला व ते स्थळ गेले. आईने दोन दिवस डोळ्यांना पदर लावला. पुढे जुलैत दूरच्या विद्यापीठाचे दोन ओळींचे उत्तर आले: जागा नाही. मुलीने ते वाचले, फोन फळीवर ठेवला आणि आजीपाशी जाऊन बसली. वखारीत पूर्वी मजुरी कशी मोजीत, हे ती वहीत उतरून घेत होती.

निवड योग्य झाली की अयोग्य, हे आज ती मुलगी सांगू शकत नाही आणि आम्हीही नाही. त्याला तीन वर्षे तरी लागतील. परंतु त्या घरात आता रात्री दोन वाजता कोणी उठत नाही, आणि बाप रोज विचारतो तो प्रश्न बदलला आहे. तो म्हणतो, “आज किती पानं लिहिलीस?”

आपल्या घरात कोणी असे उत्तराची वाट पाहत असेल तर त्याच्या ताटात आज एक भाकरी अधिक वाढा आणि प्रश्न एक कमी विचारा. असो.