आजीची आठवण आणि लोईसचा विश्वास



आपल्या धर्मग्रामात एखादी आजी देवाघरी गेली की स्मरणमिस्सेनंतर दोन-तीन जण बोलायला उभे राहतात. वाक्ये बहुधा ठरलेली असतात. खूप कष्ट केले, कुणाला दुखावले नाही, कधी तक्रार केली नाही. यातले काही खोटे नसते. पण नाव बदलले तर हेच शब्द दुसऱ्या कुठल्याही आजीला लागू पडतात. आणि 'कधी तक्रार केली नाही' हे ऐकताना मनात येते, तिला कधी कुणी विचारले होते का? माझे स्पष्ट मत आहे की तिच्या सोशिकपणाचेच गोडवे गाऊन आपण तिची आठवण ठेवत नाही, फक्त निरोप देऊन मोकळे होतो.

आजीची आठवण कशी काढावी, हे संत पौलाने एका वाक्यात दाखवले आहे. नव्या करारात 'आजी' या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द एकदाच येतो, तोही तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात (२ तीमथ्य १:५). पौल तीमथ्याला सांगतो की तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता. लोईसचा स्वयंपाक, तिचे कष्ट, तिचा स्वभाव यांबद्दल एक अक्षर नाही. तिने पुढे काय दिले, तेवढेच सांगितले आहे.

हे घर होते लुस्त्र गावात, आजच्या तुर्कस्तानात. गाव आडवळणाचे, वेशीपुढे झ्यूसचे मंदिर. लोक आपसात लुकवनी भाषा बोलत (प्रेषितांची कृत्ये १४:११). तिथे सभास्थान असल्याचा उल्लेख नाही. युनीके यहुदी, तिचा नवरा ग्रीक. मुलाची सुंतासुद्धा झालेली नव्हती. म्हणजे धर्मशिक्षणाला ना गावाचा आधार, ना घरातल्या कर्त्या पुरुषाचा. तरीही तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होते (२ तीमथ्य ३:१५). ते त्याला कुणी शिकवले असेल, हे वेगळे सांगायला नको.

याच लुस्त्रात लोकांनी पौलाला दगडमार केला आणि मेला असे समजून गावाबाहेर ओढून टाकले. काही काळाने तो परत आला, तेव्हा युनीकेचा मुलगा त्याच्याबरोबर निघाला. आपल्याच गावाने ज्याला दगड मारले, त्याच्या हाती पोटचा पोर सोपवताना त्या घरातल्या बायांच्या काळजाचे काय झाले असेल? शास्त्र त्यावर गप्प आहे. पण मुलगा गेला, आणि विश्वास सोबत घेऊन गेला.

बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना लुस्त्र फार परके वाटू नये. रस्त्यावर एक भाषा, शाळेत दुसरी आणि प्रार्थना तिसरीत. पुष्कळ घरांत मराठीतून जपमाळ सांगणारी आता एकटी आजीच उरली आहे. नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण ती गेली की प्रार्थनेचे ते शब्दही घरातून जातात. संगमरवरावर तिचे नाव कोरून ते परत येत नाहीत.

कुणी म्हणेल, विश्वास महत्त्वाचा, भाषा कोणतीही चालेल. देवाला सगळ्या भाषा कळतात, हे मान्य. पण आजी आपला विश्वास ज्या शब्दांत देऊ शकते, ते शब्दच नातवाला कळले नाहीत तर देणारी आणि घेणारा यांच्यात एक भिंत उभी राहते. मग आजी घरात असूनही नातू पोरका.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठांसाठी जागतिक दिवस सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी, संत अन्ना व संत ज्योकिम यांच्या २६ जुलैच्या सणाच्या आसपास येतो. त्या दिवशी हार-गुच्छ जरूर द्यावेत. पण त्याआधी आजीजवळ एक तास बसावे. रात्री निजताना ती कोणती प्रार्थना म्हणते, कठीण दिवसांत तिला कशाने धीर दिला, कोणत्या गोष्टीचे तिला दुःख राहिले, हे तिच्याच तोंडून ऐकावे. जमल्यास तिच्याच शब्दांत वहीत उतरवावे. तक्रार असेल तर तीही ऐकावी. स्तोत्रकर्त्यांनी देवाजवळ तक्रारी केल्याच ना?

आणि स्मरणमिस्सेत बोलायची वेळ आलीच, तर नातवंडाने उभे राहून एवढेच सांगावे: "आजीने मला हे शिकवले, आणि मी ते आजही करतो." दुसरे वाक्य खरे असेल तर तिसऱ्याची गरज नाही.

हे प्रभू, ज्या माउल्यांनी तुझे नाव आमच्या ओठांवर आणले, त्यांना चिरशांती दे. ज्या अजून आमच्यात आहेत, त्यांच्याजवळ बसायला आम्हांला वेळ काढू दे. आमेन.