परातीभोवती

‘विषयाचे बंधन नाही’ असे संपादक मंडळाने सूचनाफलकावर लिहिले होते. तरी मी ‘लोडेड चीज फ्राइज’ हा विषय सांगितला तेव्हा मंडळातील दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ‘पाककृती वेगळ्या पानावर असतात,’ असेही एकाने सुचवले. मी म्हटले, हा लेख वैचारिक विभागातच घाला. का, ते शेवटपर्यंत वाचल्यावर कळेल.

प्रथम पदार्थाविषयी. बटाट्याचे बोटभर लांब काप तळायचे आणि त्यांवर वितळलेले चीज, कांदा, टोमॅटो, उकडलेला राजमा, हिरवी मिरची असे काहीबाही लादायचे. हॉटेलात हा पदार्थ कागदी डब्यात मिळतो. मेसच्या दोन जेवणांचे पैसे मोजावे लागतात आणि डब्याच्या तळाशी पोचेपर्यंत वरचे चीज संपून खाली नुसते मऊ बटाटे उरतात. म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की हा पदार्थ घरी करावा.

घरी तो बिघडतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. बिघडण्याची कारणे साधी आहेत. नवे कोवळे बटाटे पाणचट असतात. शीतगृहातल्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि असे बटाटे तळताना आतून शिजण्याआधीच काळपट पडतात. तेव्हा जुना, कोरडा, पिठूळ बटाटा घ्यावा. पाच जणांना किलोभर पुरतो. काप पाणी नितळ होईपर्यंत धुवावेत, अर्धा तास गार पाण्यात ठेवावेत आणि पंचावर पसरून अगदी कोरडे करावेत. मग दोनदा तळावेत. पहिल्यांदा मध्यम आचेवर पाचसहा मिनिटे, रंग न येऊ देता, नुसते शिजण्यापुरते. बाहेर काढून निवू द्यावेत. दुसऱ्यांदा कडक तेलात दोनतीन मिनिटे. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत वरचे पाणी उडून कवच धरते. घाईने एकदाच तळणाऱ्याच्या वाट्याला वरून करपलेले आणि आतून कच्चे काप येतात.

चीजचेही तसेच. दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा परतावा, हळूहळू दोन कप दूध घालून घोटावे, दाट झाले की गॅस बंद करावा आणि मगच वाटीभर किसलेले चीज घालावे. चीज उकळले तर त्यातली प्रथिने आखडतात, तूप वेगळे सुटते आणि गुठळ्या होतात. आपल्याकडच्या डब्यातल्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये स्निग्धांश धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते सहसा दगा देत नाही.

कुणी म्हणेल, ‘हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण झाले. थालीपीठ काय वाईट?’ थालीपीठ मुळीच वाईट नाही. पण बटाटा तरी आपला कुठे होता? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले हे पीक. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांनीच आपल्याला दिला. मिरचीही त्याच वाटेने आली. आज तोच परदेशी बटाटा आजीच्या एकादशीला चालतो! तळलेले काप मूळचे कुणाचे, यावर बेल्जियम आणि फ्रान्स अजून भांडतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९५०च्या दशकात त्यांवर चीजचे तुकडे आणि गरम रस्सा घालण्याची पद्धत पडली; अमेरिकेत त्यांवर आणखी काय काय लादले गेले. चीजचे म्हणाल तर म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी जाणकार सांगत असताना हरिचंद दलाया यांनी १९५५ साली आणंदला ती करून दाखवली, आणि पुढे अमूलने म्हशीच्या दुधाचे चीजही केले. पदार्थ कुठून आला याची चौकशी करायला माझी हरकत नाही. तो कुणाबरोबर खाल्ला जातो, हे मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आणि इथेच माझे दुसरे म्हणणे येते. हा पदार्थ एकाच परातीत वाढावा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातला माझा खोलीमित्र आमच्या गावी आला होता. आजीने सगळ्यांना चहा दिला. त्याचा चहा कोनाड्यातल्या कानतुटक्या कपात होता. तो कप कुणासाठी असतो, हे आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ते त्यालाही कळले. तो चहा प्यायला, मोरीवर जाऊन कप स्वतः विसळला आणि पालथा घालून ठेवला. मी तिथेच उभा होतो. वर्गात जातिअंतावर दहा मिनिटे बोलून टाळ्या घेतलेला मी त्या वेळी एक शब्द बोललो नाही.

यंदा श्रावणात तो पुन्हा आला. खरे तर मला वाटले होते, येणार नाही. पाऊस लागला होता, धाकटी भावंडे भुकेजली होती. आम्ही दोघांनी मिळून काप चिरले. कोरडे करण्याचे काम त्याने माझ्यापेक्षा नेटके केले. ताटल्या काढू लागलो तर आईने कणकेची मोठी परात मध्ये ठेवली आणि म्हणाली, ‘ह्यातच ओता. वेगळं वाढेस्तोवर गार होईल.’

आईच्या मनात काय होते, मी विचारले नाही. पण तिचे बोलणे खरे होते. दहा मिनिटांत हे काप मऊ पडतात, चीज थिजते. थांबायला सवडच नसते. शिवाय चीजने सगळे एकमेकांना धरलेले; एक ओढला की तीन येतात, एखादा शेजाऱ्याच्या हातात सुटतो. माझे-तुझे, उष्टे-खरकटे असा हिशेब तिथे ठेवायचा म्हटला तरी ठेवता येत नाही. पहिला घास आईने घेतला. आजी दारातून पाहत होती. ‘आजी, घ्या ना,’ तो म्हणाला. ‘नको रे बाबा, माझी एकादशी,’ आजी म्हणाली. एकादशी दोन दिवसांनी होती.

म्हणून एका परातीने जात जाते, असले विधान मी करणार नाही. १८४९च्या सुमारास मुंबईत परमहंस सभेची मंडळी पाव खाऊन जातिभेद मोडत, पण दाराआड. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचा पेला पुढे आला, तर रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. १९२७ साली महाडला नुसते तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना मार खावा लागला. आपल्याकडे काय खाल्ले यापेक्षा कुणासोबत खाल्ले, यावरच भांडणे झाली आहेत. तेव्हा परात ही क्षुल्लक गोष्ट नाही, एवढेच माझे म्हणणे.

आता एक सूचना. स्नेहसंमेलनात दरवर्षी खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात आणि जो तो आपला कागदी द्रोण घेऊन आपापल्या घोळक्यात उभा राहतो. यंदा एक स्टॉल आम्ही लावतो. तिथे द्रोण मिळणार नाहीत. परात मध्ये असेल आणि भोवती निदान पाच जण जमल्याशिवाय चीज ओतले जाणार नाही. प्राध्यापक मंडळींनाही आग्रहाचे निमंत्रण आहे.

आणि तो कप? तो अजून कोनाड्यातच आहे. लेख लिहिणे सोपे असते, हे मला ठाऊक आहे. येत्या सुट्टीत घरी गेल्यावर माझा चहा त्याच कपात दे, असे आजीला सांगणार आहे. ती काय म्हणते, ते पुढच्या अंकात.